‘व्हेरी’, ‘खूप’ आणि ‘गंज’ : तीव्रतादर्शक शब्दांचा इतिहास (गोंदिया जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

इंग्रजीतील ‘व्हेरी’ हे सर्वपरिचित तीव्रतादर्शक क्रियाविशेषण होय. त्याचे मूळ मात्र तीव्रतेत नाही. लॅटिन ‘वेरुस’ म्हणजे ‘खरा’. त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये ‘वेराय’ झाले आणि इ. स. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर, फ्रेंचच्या वर्चस्वाच्या काळात, ते इंग्रजीत रुजले. चौदाव्या शतकातील चॉसरच्या काव्यात हा शब्द ‘खरा, सच्चा’ या अर्थाचे विशेषण म्हणून येतो. पुढे ‘खरोखर चांगला’ याचे ‘फार चांगला’ झाले. सत्याचा अर्थ झिजला, मात्रा तेवढी उरली.

मराठीचा अनुभव याहून निराळा नाही. ‘फार’ हा संस्कृत ‘स्फार’ म्हणजे ‘विस्तीर्ण’ या शब्दाचा वंशज आहे. ‘खूप’ हा फारसी ‘खूब’वरून आला, तेथे त्याचा अर्थ ‘चांगला, सुंदर’ असा असून ‘खुबी’ व ‘खुबसूरत’ या शब्दांत तो अद्याप टिकून आहे. शिवकाळातील राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले. घरोघरी रुळलेल्या अशा शब्दांपर्यंत तो पोहोचण्याचे कारणच नव्हते.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात झाडीबोली, पोवारी, गोंडी व हिंदी एकत्र नांदतात. विदर्भाच्या इतर भागांप्रमाणे येथेही ‘गंज लोकं आले’ असे सहज बोलले जाते. फारसीत ‘गंज’ म्हणजे खजिना, मराठीत रास किंवा ढीग. (वैदर्भीय स्वयंपाकघरातील ‘गंज’ हे भांडे, ते वेगळे.) ढिगावरून विपुलतेकडे जाणारा अर्थ, धानाचे पुंजणे रचणाऱ्या मुलखाला परका वाटू नये.

तरीही उत्तरपत्रिकेत ‘खूप’ चालतो आणि ‘गंज’खाली लाल रेघ येते. व्युत्पत्तीच्या आधारे या भेदाचे समर्थन होत नाही, कारण दोन्ही शब्द फारसीच आहेत. कारण शोधावे लागते ते राजकीय इतिहासात. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये मुंबई इलाख्यात सिद्ध झाला, तेव्हा हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे होता. ते राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि १९५६ पर्यंत हा भूभाग मराठी-हिंदी अशा द्विभाषिक प्रांतातच राहिला. मुद्रित मराठीचे प्रमाण पुण्या-मुंबईकडे ठरत असताना झाडीपट्टी त्या व्यवहाराच्या सीमेबाहेर होती.