सोंगाड्याचा श्रोता : 'एक होता विदूषक' आणि घरच्या पडद्यावरील राजकीय उपहास

जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला 'एक होता विदूषक' (१९९२) हा चित्रपट मराठी प्रेक्षकाच्या स्मरणात मुख्यतः एक अपेक्षाभंग म्हणून राहिला आहे. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची निर्मिती, 'गुळाचा गणपती'नंतर (१९५३) जवळजवळ चार दशकांनी पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेली पटकथा, ना. धों. महानोरांची गीते, आनंद मोडकांचे संगीत आणि प्रमुख भूमिकेत त्या काळचा सर्वांत लोकप्रिय विनोदी नट लक्ष्मीकांत बेर्डे, असा हा योग होता. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभला. लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांच्या नृत्यदिग्दर्शनाचाही राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही. पुढे चकतीच्या रूपाने तो घरात आला, तेव्हाही प्रेमकथेची गोडी आणि पुढाऱ्यांची टिंगल यांच्या अपेक्षेने तो लावणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. या निराशेची कारणे कलाकृतीच्या गुणदोषांत शोधण्याची रीत आहे. ती रूपबंधाच्या इतिहासात आणि प्रेक्षकाच्या स्थलांतरातही शोधावी लागतात.

शृंगार आणि सत्तेची थट्टा यांची सांगड मराठीला नवी नाही. तमाशाच्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण अडवतो आणि दाण मागतो. येथे प्रियकर हाच जकातदार असतो. मावशीचे सवाल-जवाब, पेंद्याचा वेडगळपणा आणि पुढे बतावणीतली चालू घडामोडींवरची शेरेबाजी ही याच मुळावरची वाढ होय. अधिकार म्हणजे एक प्रकारची अडवणूक आणि तिला उत्तर द्यायचे ते चतुर बोलीने, ही जाण या परंपरेच्या गाभ्याशी आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गाजवलेल्या पु. लं.च्या 'पुढारी पाहिजे'ने या रूपाला स्वातंत्र्योत्तर राजकारणाचा आशय दिला. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ने (१९६५) त्याला पूर्णत्व आणले.

'विच्छा'ची रचना या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. कोतवालाची जागा रिकामी होते. लायक हवालदाराला डावलून ती वशिल्याच्या माणसाला मिळते. मग हवालदाराची मैनावती नव्या कोतवालाला मोहात पाडून त्याच्याकडे राजाचा छपरी पलंग मागते आणि तो आणण्याच्या नादात कोतवाल पकडला जातो. येथे प्रेमप्रकरण हे राजकीय कथानकाला लावलेले ठिगळ नाही. वासनेने आंधळा झालेला अधिकारी आणि अधिकाराने आंधळा झालेला प्रेमिक हा एकच माणूस आहे. त्यामुळे त्याच्या फजितीत दोन्ही कथानके एकदमच सुटतात. शिवाय संहिता मुद्दाम अपुरी आहे. दादा कोंडके हवालदाराच्या भूमिकेत त्या त्या दिवसाच्या बातम्यांवर कोट्या करीत आणि उरलेला भाग प्रेक्षकांच्या हास्याने भरून निघे. कोपरखळी कोणाला बसली हे साऱ्या सभागृहाला एकाच क्षणी कळणे, हीच या प्रकाराची राजकीय शक्ती होती.

चित्रपटात ही सांगड सैल झाली. सबनिसांच्याच कथेवरच्या 'सोंगाड्या'त (१९७१) भोळ्या नायकाची प्रेमकथा आणि विनोद टिकला, पण राजा, प्रधान आणि कोतवाल यांची व्यवस्था मागे पडली. उलट विजय तेंडुलकरांच्या पटकथांवर जब्बार पटेलांनी केलेल्या 'सामना' (१९७५) आणि 'सिंहासन' (१९७९) यांत सत्तेचे कठोर दर्शन घडले, पण तेथे सोंगाड्याला जागा उरली नाही. हास्य एकीकडे आणि राजकारण दुसरीकडे अशी ही वाटणी होती. 'एक होता विदूषक' हा ती मोडण्याचा प्रयत्न होय.

चित्रपटाचा नायक आबूराव तमाशातून सिनेमात आणि सिनेमातून राजकारणात जातो. या तीन टप्प्यांत त्याचे हसवणे बदलत जाते. फडात तो सत्तेला हसतो, पडद्यावर तो विकला जातो आणि व्यासपीठावर सत्ताच त्याच्या हास्याचा उपयोग करून घेते. प्रेमकथाही अशीच तुटत जाते. फडातली सहचारिणी मागे राहते, रुपेरी जगातले नाते प्रतिष्ठेचे साधन ठरते. 'विच्छा'त प्रेम आणि पद एकमेकांची फजिती करतात. येथे दोन्ही मिळून विदूषकाचीच फजिती करतात. साहजिकच उपहासाची जागा शोक घेतो. बेर्डे यांच्याकडून हमखास हशा अपेक्षिणारा प्रेक्षक दुखावला, यात नवल नाही. आपण ज्याला हसत आलो त्याच्या हसवण्याची किंमत किती, हाच प्रश्न चित्रपट त्याला विचारीत होता.

हा प्रश्न विचारला गेला तेव्हा प्रेक्षकही पांगत होता. लालबागचे हनुमान थिएटर हे मुंबईतील तमाशाचे केंद्र गिरणगावाच्या आधारावर उभे होते. १९८२च्या संपानंतर गिरण्यांची वाताहत झाली आणि अनेक कुटुंबे वसई-विरार पट्ट्यासारख्या दूरच्या उपनगरांत गेली. नायगाव नावाची दोन ठिकाणे या स्थलांतराची दोन टोके सुचवतात : एक दादरजवळचे, चाळींचे आणि कामगारांचे, दुसरे वसईच्या खाडीपलीकडचे, भाईंदर आणि वसई रोड या स्थानकांमधले, जेथे मिठागरे आणि कोळीवाडा यांच्या शेजारी इमारती उभ्या राहिल्या. या दुसऱ्या नायगावासारख्या वस्तीत मनोरंजन आले ते घरच्या पडद्यावर. १९९३मध्ये प्रमाणित झालेल्या व्हीसीडीच्या एका चकतीवर जेमतेम सव्वा तासाचे चित्रण मावे. त्यामुळे मराठी चित्रपट दोन-तीन चकत्यांत विभागला जाई आणि मध्यंतर दिग्दर्शकाच्या ऐवजी चकतीच्या मर्यादेने ठरे. २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा चित्रपट ही संग्रही ठेवण्याची वस्तू झाली.

या बदलात उपहासाचे काय झाले? पुढाऱ्यावरच्या कोटीला पहिल्या रांगेतला पुढारी लागतो आणि त्याच्याकडे वळून पाहणारी मागची रांग लागते. खोलीत एकट्याने पाहताना कोटी कळते, पण तिचे धाडस जाणवत नाही. जुलै २००९मध्ये चार नगरपालिका आणि ५३ गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली आणि गावे वगळावीत यासाठी तेथे मोठे आंदोलन उभे राहिले. सरपंच आणि पाटील यांच्यावर बेतलेल्या विनोदाचा संदर्भच येथे वादाचा विषय होता. सत्तेचे रूप बदलले होते; चकतीवरचा विनोद मात्र प्रत्येक वेळी तोच राहणार होता. चालू प्रसंगावर बोट ठेवण्याची सोंगाड्याची मोकळीक तेथे संपते.

तरीही 'एक होता विदूषक'बाबत चकतीने एक न्याय केला आहे. चित्रपटाच्या अखेरीस आबूराव सभेसमोर उभा असतो, पण त्याला हसवायचे असते ते कधीही न हसणाऱ्या आपल्या लहान मुलीला. गर्दी बाजूला पडते आणि एकच श्रोता उरतो. सामूहिक हास्यासाठी आलेल्या प्रेक्षकाला थिएटरात हा शेवट परका वाटला असेल. घरी पाहणारा मात्र नकळत त्या मुलीच्याच जागी बसलेला असतो. फडातून निघालेल्या विनोदाला पुढे एकेकट्या श्रोत्याशी बोलावे लागेल, हे पु. लं.च्या पटकथेने घरोघर चकत्या पोचण्यापूर्वीच ओळखले होते. हा उपहासाचा विजय म्हणता येणार नाही. त्या मुलीच्या हसण्याने कोणताही कोतवाल पकडला जात नाही. परंतु हसवणाऱ्याने आपले हसू परत मिळवले, एवढे त्यातून निश्चित सिद्ध होते. या चित्रपटाचे मूल्यमापन 'विच्छा'च्या हशाशी तोलून न करता तो हशा कोठे हरवला याची नोंद म्हणून केले, तर अपेक्षाभंगाचा ठपका चित्रपटावर न राहता ज्या समाजाने आपली एकत्र हसण्याची जागा गमावली त्याच्याकडे जातो.