जुन्या तबकड्यांचें दप्तर

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निवर्तले आणि १९२७ सालीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्याच शहरांत उभें राहिलें. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापतांना त्यांनीं अस्सल पत्रेंच वाचकांपुढें ठेवलीं. श्रोतेहो, हा धडा आज एका निराळ्या दप्तराला लावावयाचा आहे.

तें दप्तर म्हणजे जुन्या संगणकांच्या फ्लॉपी तबकड्या. धुळें-जळगांवच्या एखाद्या छापखान्याच्या किंवा पतपेढीच्या कपाटांत १९९० च्या सुमाराच्या तबकड्या निघाल्या, तर नवल नाहीं. त्यांवरील लोहभस्माचा थर सुटतो, दमट जागीं बुरशी धरते. मोडी कागद दोनशें वर्षें टिकले. तबकडीला तीसचाळीसही जड जातात.

अशी तबकडी हातीं आली कीं हवी तेवढी फाइल उचलण्याचा मोह आवरावा. ३६० किलोबाइटच्या सव्वापांच इंची तबकडीवर ५१२ बाइटांचे ७२० खण असतात. ते सगळे, रिकामे दिसणारेसुद्धां, क्रमानें उतरून घ्यावे. या उताऱ्याला तबकडीची प्रतिमा म्हणतात. रिकाम्यांचा हट्ट कां? तर डॉस पद्धतीच्या संगणकांत फाइल पुसली म्हणजे यादींतील तिच्या नांवाचें पहिलें अक्षर बदलतें आणि तिचे खण मोकळे म्हणून नोंदले जातात. मजकूर, त्यावर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत, जागच्या जागीं असतो. खोडलेला जमाखर्च इतिहासकाराला स्वच्छ जमाखर्चाहून अधिक बोलका वाटावा!

पण उतारा म्हणजे वाचन नव्हे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं मराठी अक्षरांना जो तो फॉन्टकर्ता आपापले क्रमांक देई. १९९१ सालीं ‘इस्की’ हें भारतीय प्रमाण ठरलें, तरी छपाईच्या फॉन्टांनीं तें फारसें जुमानलें नाहीं. म्हणून तो मजकूर आज उघडला कीं रोमन चिन्हांचा काला दिसतो. उपाय असा कीं आजच्या संगणकाला जुन्याचें सोंग घ्यावयास लावणारा एम्युलेटर चालवावा आणि त्यांत मूळचेंच मराठी सॉफ्टवेअर उघडावें. इंग्लंडांत विल्यम राजाची १०८६ ची जमीनजुमल्याची नोंदवही आजही वाचतां येते. बीबीसीनें तिच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ सालीं लेसर-तबकड्यांवर केलेली नवी नोंद मात्र यंत्रें दुर्मिळ झाल्यानें लवकरच अडली, आणि लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांना २००२ सालीं तिच्यासाठीं असेंच सोंग उभारावें लागलें.

आपल्या कपाटांतील सव्वापांच इंची तबकडी यंत्रांत घालण्यापूर्वीं तिच्या कडेची खांच अपारदर्शक चिकटपट्टीनें झांकावी. म्हणजे यंत्राला तिच्यावर कांहीं लिहितां येत नाहीं. त्याच कपाटांत मराठी सॉफ्टवेअरची मूळ तबकडी असल्यास, ती निरुपयोगी दिसली तरी, तिचीही प्रतिमा बरोबरच घेऊन ठेवावी.