बैलगाडा शर्यत आणि कायदा

बैलगाडा शर्यतीवर (विदर्भातला शंकरपट) बंदी आली ती गावातून नव्हे, दिल्लीहून. जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैल घातला, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर शर्यतीही थांबवल्या. त्यावर महाराष्ट्र व कर्नाटकाने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात २०१७ साली आपापल्या राज्यापुरती दुरुस्ती केली. महाराष्ट्रात तरीही धुरळा उडाला तो १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशानंतरच. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

म्हणजे रान मोकळे झाले असे नव्हे. महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. नियम मोडल्यास ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. सीमाभागातील यात्रा समित्यांनी व बैलजोडी पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की आपली जोडी कोल्हापूरकडे धावली तर महाराष्ट्राचे नियम, बेळगावात धावली तर कर्नाटकाचे.

गोव्याची धिरयो, म्हणजे बैलांची झुंज, या दुरुस्त्यांत बसत नाही. १९९६ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती बंद आहे; चोरून लागते, हे गोवेकरांना सांगायला नको.