मिस्सेंत मराठी कशी आली

आज आमच्या वेदीवर पवित्र मिस्सा मराठींत होते. हा पालट कसा घडला, हें महोत्सवप्रसंगीं स्मरणें उचित होय.

सन १९६२ त रोम येथें दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. १३ ऑक्टोबर रोजीं पूर्वतयारीच्या मंडळांतील नांवांची यादी हातीं देऊन नव्या मंडळांची निवडणूक लागलीच उरकण्याचा बेत होता. कार्यक्रमांत चर्चेस जागा नसतांही लील येथील कार्दिनल लिएनार उठले व परस्परांची ओळख होण्यास अवधि मिळावा, अशी त्यांनीं विनंती केली. कोलोनचे कार्दिनल फ्रिंग्स यांनीं अनुमोदन दिलें. सभेंत टाळ्यांचा गजर झाला, आणि निवडणूक १६ तारखेपर्यंत पुढें ढकलण्यांत आली. आपण केवळ होकार देण्यास जमलों नाहीं, हें महागुरुस्वामींस तेव्हां उमगलें.

पुढें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचें संविधान २१४७ विरुद्ध ४ मतांनीं संमत झालें. मिस्सेंत लोकभाषांस वाव मिळाला व मराठीचा मार्ग मोकळा झाला.

आदरानें केलेली विनंती, तीस एकाचें अनुमोदन आणि ऐकून घेणारी सभा, एवढ्यानें थोर संस्थाही पालटते. आमच्या धर्मग्रामाच्या सभेंतही मागें बसणाऱ्यानें निःसंकोच उठावें व पुढच्यांनीं त्याचें ऐकावें, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.