तात्या टोपे येवल्याचे, मग ते गंगेकाठी कसे पोचले?

दरवर्षी 18 एप्रिलला आपण तात्यांच्या पुतळ्याला हार घालतो, भाषणं होतात, मीही बातमी देतो. पण येवल्यातल्या पांडुरंगपंतांचा हा मुलगा कानपूरजवळच्या बिठूरात कसा वाढला, हे आपण पोरांना कधी सांगतच नाही.

1818 च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमला शरण गेला. अट अशी, की वर्षाला आठ लाख रुपये तनखा घ्यायचा आणि दक्षिण सोडायची. राहायला मिळालं बिठूर. आपली माणसं त्याला ब्रह्मावर्त म्हणत. गंगेचा घाट, वाल्मीकींचा आश्रम, कार्तिकी पौर्णिमेची जत्रा असं जुनं तीर्थ ते. बाजीरावामागे भटजी, कारकून, शिपाई, आचारी अशी हजारो माणसं बायकापोरांसह निघाली. त्यातच येवलेकरांचं हे कुटुंब.

गंमत बघा. बाजीराव पेशवेपदावर होता 22 वर्षं आणि बिठूरात राहिला 30 हून जास्त! तेवढ्यात तिथं एक मराठी गावच उभं राहिलं. कर्जतजवळच्या वेणगावचा मुलगा 1827 मध्ये दत्तक आला, तो नानासाहेब. मोरोपंत तांब्यांची मनू इथेच वाढली, पुढे झाशीची राणी झाली.

28 जानेवारी 1851 ला बाजीराव वारला आणि कंपनीने तनखा बंद केला. आपण याला नानासाहेबांचं वैयक्तिक दुःख समजतो. पण त्या आठ लाखांवर अख्खं गाव जेवत होतं! अजीमुल्ला खान दाद मागायला थेट लंडनला गेला, रिकाम्या हाती परतला.

मग 1857. कानपूरच्या सतीचौरा घाटावर आणि बीबीघरात इंग्रज बायकापोरंही मारली गेली; हे लपवून इतिहास सांगता येत नाही. त्यानंतर इंग्रजांनी घेतलेला सूडही तितकाच भयंकर. बिठूरचा वाडा जाळला, डिसेंबरात उरलंसुरलं पाडलं, विहिरीतला खजिना उपसून नेला. नानासाहेब नेपाळच्या तराईत नाहीसे झाले. तात्या वर्षभर इंग्रजांना पळवत राहिले. 1859 ला शिवपुरीत फाशी.

नावं राहिली ती यांचीच. वाड्यातले आचारी, कारकून, त्यांच्या विधवा कुठे गेल्या? काही मराठी घराणी गंगेकाठीच राहिली, बाकीची पांगली. त्यांचा पुतळा कुठेच नाही. त्यांचा माग लागलाच तर जुन्या पत्रांत, हिशेबांत, वंशावळीत लागेल. आणि हे सगळं मोडीत आहे.

म्हणून एकच विनंती. माळ्यावर, पेटीत मोडी कागद असतील तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीला घालू नका. आपल्याला वाचता येत नाही म्हणून तो कागद बिनकामाचा ठरत नाही. आधी मोडी जाणणाऱ्या कुणाला तरी दाखवा. गंगेकाठी गेलेल्या एखाद्या येवलेकराचा ठावठिकाणा कदाचित तुमच्याच घरात असेल.