फुरशाचे विष आणि रक्ताची गुठळी

आरे-वारेच्या किनाऱ्यामागे जांभ्याचे सडे आहेत. अशा सड्यांवर, दगडांखाली आणि गडग्यांच्या फटींत फुरसे राहते. हात-दीड हात लांबीचा हा साप डिवचला की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज काढतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी खंड 1880 साली निघाला. त्यात फुरशाने दगावणाऱ्या माणसांचा आणि तो मारण्यासाठी सरकारने दिलेल्या बक्षिसांचा उल्लेख आहे.

फुरसे चावले की हिरड्यांतून, जखमेतून रक्त येत राहते. मृत्यू आलाच तर बहुधा काही दिवसांनी येतो. विष रक्त पातळ करते, असा समज त्यावरूनच झाला. पण निरोगी रक्तात या विषाचा अंश टाकून पाहिला, तर ते झटकन साकळते! मग माणसाला रक्तस्राव का होतो?

विषाने रक्त साकळते याचा उपयोगही झाला. इंग्लंडमध्ये मॅकफर्लेन आणि बार्नेट यांनी 1934 साली हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमांवर घोणशीचे विरल विष लावून रक्त थांबवले. पुढे 1964 मध्ये मॅकफर्लेन यांनी, आणि अमेरिकेत डेव्ही व रॅटनॉफ यांनी, रक्त साकळण्याची साखळी मांडली : एक प्रथिन दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला. शेवटी प्रोथ्रॉम्बिनपासून थ्रॉम्बिन होते आणि ते फायब्रिनोजेनचे धागे करते.

या साखळीत एक गोष्ट राहून गेली होती, ती म्हणजे जागा. पेशीपटलाच्या आतल्या थरात फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा मेद असतो. जखमेपाशी रक्तबिंबिका उद्दीपित झाल्या की तो बाहेर येतो. प्रोथ्रॉम्बिनच्या एका टोकाला 'के' जीवनसत्त्वाच्या मदतीने बनलेली खास अमिनो आम्ले असतात; त्यांचा शोध 1974 सालचा. ही आम्ले कॅल्शियमला धरतात आणि त्याच्या आधाराने प्रथिन पटलावर बसते. दहावा घटक (सक्रिय रूपातला) आणि त्याचा साथीदार पाचवा घटक तेथेच जमतात. एकट्या दहाव्या घटकाच्या तुलनेत या जुळणीचा वेग सुमारे तीन लाख पटींनी अधिक असतो. म्हणूनच गुठळी जखमेपाशीच होते, साऱ्या अंगात नाही.

फुरशाच्या विषातले विकर हे बंधन पाळत नाही. कॉर्नालिक आणि ब्लोमबॅक यांनी 1975 साली त्याचे वर्णन केले. त्याचे नाव इकॅरिन. त्याला ना पटल लागते, ना कॅल्शियम, ना पाचवा घटक. रक्तात जेथे प्रोथ्रॉम्बिन भेटेल तेथे ते त्याला जागे करते. सर्वत्र बारीक धागे बनतात व विरघळतात, आणि फायब्रिनोजेनचा साठा संपतो. विषातली दुसरी विकरे रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत करतात. अशा वेळी गळती बुजवायला रक्तात काही उरलेलेच नसते.

ग्रामीण दवाखान्यातली वीस मिनिटांची चाचणी हेच तपासते. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत शिरेतले थोडे रक्त घेऊन ते न हलवता ठेवतात आणि वीस मिनिटांनी नळी एकदा तिरपी करतात. रक्त वाहिले, तर प्रतिविष द्यायचे. नळी काचेचीच हवी. येथेही पृष्ठभागाचेच काम आहे. काचेच्या स्पर्शाने साकळण्याची सुरुवात होते, प्लॅस्टिकच्या नळीत मात्र निरोगी रक्तही फसवू शकते. प्रतिविष मोकळे विष निकामी करते, पण फायब्रिनोजेन नव्याने बनवायचे काम यकृताचे. त्याला काही तास लागतात, म्हणून सहा तासांनी पुन्हा नळी भरतात.