‘बाबातुंडे’ आडनावाची गोष्ट

लंडनमध्ये बाबातुंडे हे आडनाव ऐकू आले, तर कानाला ते आपल्याकडचेच वाटेल. पण ते आहे पश्चिम आफ्रिकेतील नायजेरियाच्या योरुबा लोकांचे. ‘बाबा’ म्हणजे त्यांच्याकडेही बापच! पूर्ण अर्थ, ‘बाबा परत आले’. आजोबा वारल्यावर घरात मुलगा जन्मला की त्याला हे नाव ठेवायचे. आजी गेल्यावर मुलगी झाली, तर ती येतुंडे. म्हणजे हे मुळी आडनाव नव्हेच, एका मुलाचे नाव.

पुढे मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, इंग्रजांची दप्तरे आली. त्यांना आडनाव हवे होते. मग बापाचे नावच चिकटले. १९६० साली नायजेरिया स्वतंत्र झाला, त्याच्या आगेमागे विद्यार्थी विलायतेस गेले; १९८०च्या दशकात तेलाचे भाव कोसळल्यावर आणखी कुटुंबे गेली. बहुतेकांनी लंडनच गाठले. तिथल्या पेकहॅम भागाला तर लोक ‘छोटे लागोस’ म्हणतात.

आता तिथे एखाद्या मुलीचे आडनाव बाबातुंडे असते आणि तिचे आजोबा खुशाल हयात असतात! योरुबात स्वर चढला-उतरला की अर्थ बदलतो. इंग्रजी हजेरीपटावर त्या खुणा बहुधा गळतात. मग नाव नीट कसे म्हणायचे, हे मुलीनेच मास्तरांना सांगायचे.